काका म्हणाले तसंच

१९ फेब्रुवारी

हे पत्र काकांचं, तुझ्या बाबांचं आहे. अक्षर माझं आहे म्हणून न वाचता फाडू नकोस.

काकांना गेल्या महिन्याच्या अखेरीस झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. डॉक्टर म्हणतात पाय थोडाफार परत येईल, हाताचं सांगता येत नाही. बोलतात, पण शब्द तोंडात भिजून येतात. समोर बसून ओठांकडे बघत राहिलं तर कळतं. फोनवर कुणालाच कळत नाही. आणि तसाही तुझा नवा नंबर इथे कुणाकडे नाही. तो तू कुणामुळे बदललास हे मला माहीत आहे. त्यावर मी काही लिहिणार नाही.

वाचताही येत नाही त्यांना. अक्षरं दिसतात, पण जागेवर थांबत नाहीत, म्हणतात. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस.

पत्ता दाभणांच्या डब्यात मिळाला. झाकणाला आतून चिकटवलेला. तू गेल्यावर एकच पाकीट पाठवलं होतंस ना, त्याचा कोपरा कापून, नीट खळ लावून.

चर्चच्या पाळकसाहेबांनी मला रोज सकाळी इथे यायला सांगितलंय म्हणून येतो. दुसरं काही कारण नाही. दाढी करतो, कपडे बदलतो, सूप भरवतो. पहिले नऊ दिवस त्यांनी मला ओळखच दाखवली नाही. दहाव्या दिवशी म्हणाले, "अर्ध्या, कागद घे." कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून मंडळीत सगळे मला अर्ध्याच म्हणतात. तुला माहीत नसेल.

त्यांनी सांगितलेलं खाली लिहितो.

"मी बरा आहे. मंडळीचे लोक बघतात. तू काम सोडून धावत येऊ नकोस. जे झालं ते झालं. प्रभू तुला सांभाळो."

एवढंच. दीड वर्षापूर्वी दारात उभं राहून ते तुला जे म्हणाले होते, की त्या लिफ्टवाल्याशी लग्न करायचं असेल तर हा उंबरा विसर, त्याबद्दल काही बोलले नाहीत.


१२ मार्च

तुझं उत्तर नाही. काकांनी तीनदा विचारलं. टपाल येण्याच्या वेळेला खुर्ची खिडकीशी न्यायला सांगतात आणि मग भलतंच काहीतरी बघत असल्यासारखं करतात.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. पाळकसाहेबांनी मला पाठवलेलं नाही. चिठ्ठी निघाली म्हणून येतो.

तू गेल्यानंतर सुरू झालंय हे. वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर दानाच्या ताटात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या घालतात. प्रत्येकाने एक उचलायची. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच्या उपयोगी पडायचं. त्याला कळू न देता. कळलं तर चिठ्ठी वाया गेली.

चिठ्ठ्या लिहायला पाळकबाईंनी मला बसवलं, अक्षर चांगलं म्हणून. तुझं नाव अजून यादीत आहे. ते कुणी काढलेलं नाही. मी डोक्यातल्या तेलाला बोट लावलं आणि तुझ्या चिठ्ठीवर टेकवलं. म्हटलं, डाग बघून उचलू. तुझ्यासाठी वर्षभर प्रार्थना करायचा मला परवाना मिळाला असता, आणि तोही सगळ्या मंडळीसमोर. मूर्खपणा आहे, पण तेव्हा मला तो हुशारीचा वाटला.

तुझ्या नावाखाली यादीत काकांचं नाव होतं. चिठ्ठ्या एकावर एक रचल्या होत्या. तेल खाली पाझरलं. रविवारी मी डागाची चिठ्ठी उचलली, उघडली, आणि तुझ्या बाबांचं नाव निघालं.

पाळकबाईंकडे गेलो, म्हटलं, बदलून द्या.

"का? मापाची नाही बसली?" त्या म्हणाल्या. "हे काय चपलांचं दुकान आहे? पायात घाल, सैल होईल हळूहळू."

तीन आठवडे मी काहीच केलं नाही. ज्या माणसाने सबंध गायनमंडळासमोर मला म्हटलं होतं, "माझी मुलगी त्या लिफ्टवाल्याला देणार नाही, आणि तुला तर अजिबातच नाही," त्याच्यासाठी काय मागायचं? मग झटका आला.

प्रार्थना म्हणजे मी त्यांचं नाव घेतो. शाळेत हजेरी घेतात तसं. हजर, संपलं. त्यापुढे काही येत नाही. वाईटही वाटत नाही, चांगलंही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतात ना, तसं आत सगळं जाड झालंय. तू दात बनवणारी, तुला ते कळेल.

त्या लिफ्टवाल्याचा तो दातही तूच बनवलास असं ऐकलं. मी पाडलेला. बरा बसला का?

बाकी, मंडळीची एकशेचाळीस गीतपुस्तकं काकांच्या दुकानात पडून होती, पाठी उसवलेली. काकांनी मला कामाला लावलंय. ते खुर्चीत बसून बोलतात, मी करतो. काल सबंध दुपार नुसता दोरा ओढायला शिकवला.

"ओढ. अजून. अरे, पुस्तक आहे, बैल नाही!"

"तुम्हीच म्हणालात घट्ट."

"घट्ट म्हणजे गळा दाबल्यासारखं नाही. उघडलं पाहिजे ते. उघडणारच नसेल तर बांधायचं कशाला?"

संध्याकाळपर्यंत चार झाली. त्यातली दोन परत उसवायला लावली.


३ एप्रिल

तुझं पत्र मिळालं. पाकीट काकांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वास घेतला आणि म्हणाले, "वाच."

वाचून दाखवलं.

तू विचारलंस, दोघांनी येऊ का. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "बघू."

त्यावर मी काय करणार? ते म्हणाले तसं कळवतोय.

तू माझ्यासाठी वेगळ्या कागदावर दोन ओळी लिहिल्यास, त्याही वाचल्या. तू लिहितेस, बाबांसाठी करतोस त्याबद्दल देव तुझं भलं करो, पण ह्याचा अर्थ काही वेगळा काढू नकोस. काढत नाही. ते अकरा दिवस मी तुझ्या हॉस्टेलखाली उभा होतो तेव्हा काढत होतो. परीक्षा बुडाली, वर्ष गेलं, मग कॉलेजच गेलं. आई अजून म्हणते, "दुसऱ्याच्या मुलीपायी स्वतःचं वाटोळं करणारा आमच्याच घरात जन्मायचा होता." ती ते भांडी घासताना म्हणते, त्यामुळे निम्मं ऐकू येत नाही.

आता तुझा चेहरा आठवायला गेलं तर आधी तो हॉस्टेलचा जिना आठवतो, त्याच्या कठड्याचा निघालेला रंग, मग तू. कधी कधी तू येतच नाहीस, जिन्यावरच थांबतं.

काकांच्या पायाची नखं वाढली होती. भगिनी मंडळाच्या बायका भेटायला आल्या, गाणी म्हणून गेल्या, सेवेबद्दल चांगलं बोलल्या. पाळकबाई मागे थांबल्या. काकांच्या पायाकडे बघितलं आणि माझ्या हातात नेलकटर ठेवलं. "गाणी झाली," म्हणाल्या. "आता हे कर."

उजव्या पायाला काही कळत नाही त्यांना. करंगळीच्या नखापाशी माझ्या हातून कातडीला लागलं, रक्त आलं. मी बघत राहिलो. तेही बघत राहिले. "दुखलं?" मी विचारलं.

"नाही रे," ते म्हणाले. "दुखलं असतं तर पार्टी दिली असती."


२१ एप्रिल

हे पत्र काकांनी सांगितलेलं नाही.

आज सकाळी सहाला पोचलो. नेहमी सातला जातो. किल्ली माझ्याकडे असते. आत आलो तर काका पलंगाशेजारी, जमिनीवर. मला वाटलं, पडले. धावत गेलो तर म्हणाले, "पडलो नाही. गुडघ्यावर बसायचं होतं. अर्धाच पोचलो. तू अर्ध्या, मी अर्ध्या."

"पलंगावर बसून करा ना प्रार्थना. देवाला चालतं."

"देवाला चालतं, मला नाही चालत. धर."

काखेत हात घालून मी त्यांना मागून धरलं आणि माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांमागे टेकवले. तसे आम्ही दोघं एकामागे एक बसलो. त्यांची पाठ माझ्या छातीला लागलेली. ओठ दिसत नव्हते. मला वाटलं होतं, ओठ दिसले नाहीत तर काही कळणार नाही. पण त्यांचं बोलणं पाठीतून माझ्या बरगड्यांत येत होतं आणि एकूण एक शब्द कळत होता.

आधी तुझं नाव घेतलं. तुझे डोळे बारीक कामाने दुखतात, ते सांभाळ म्हणाले. तू लहानपणी मेणाचे दात करून लावायचीस, ते देवाला सांगितलं, जसं काही त्याला माहीतच नाही.

मग म्हणाले, "आणि तिचा तो लिफ्टवाला. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळतो बिचारा. त्याचा दोर तुटू देऊ नको. ब्रेक लागू दे. मी त्याला घराबाहेर काढलं, तू आत ठेव."

मग, "आणि हा मागचा. राग ह्याच्या नाकावर आहे, तो काढ. नाक राहू दे."

आमेन म्हणाले. मी म्हणालो नाही.

उठवून खुर्चीत बसवलं, दाढीचा साबण फेसवला. दाढी झाल्यावर ते म्हणाले, "कागद घेतोस? पोरीचं येण्याबद्दल काही उत्तर नाही. मी इतकं लिहूनही तिने होकार कळवला नाही. माझ्यावर राग असेल. असणारच. पण पुन्हा एकदा लिहू."

मी म्हटलं, कागद संपलेत, उद्या आणतो.


२२ एप्रिल

कागद संपले नव्हते.

आता मी सरळ लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

१९ फेब्रुवारीला काकांनी सांगितलं होतं ते असं: "मला झटका आलाय. तू ये. त्यालाही आण. दारात बोललो ते रागाने बोललो. ते माझं बोलणं होतं, देवाचं नव्हतं. मी ते मागे घेतो." मी तुला लिहिलं, धावत येऊ नकोस. खाली जे "प्रभू तुला सांभाळो" होतं तेवढं खरं.

तुझ्या पत्रातला पहिला परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला, तब्येतीची चौकशी केलीस तो. पुढचा नाही. बारा मेला तुमचं रजिस्टर लग्न आहे, बाबांनी नुसतं "या" म्हटलं तरी आम्ही त्याआधी येऊन त्यांच्या पाया पडू, नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाही, असं तू लिहिलं होतंस. ते मी वाचलंच नाही. त्यांना वाटतं, तू त्यांच्या पत्राचा विषयच टाळलास. ते "बघू" त्यांनी म्हटलं होतं खरं, पण ते समोरच्या घराच्या गळक्या पाइपाबद्दल. पाइप कधी दुरुस्त करतात ते बघू. मी ते उचललं आणि तुला पाठवलं.

का केलं विचारशील. तू त्याला घेऊन ह्या घरात आलीस आणि काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की सगळं संपलं. जोपर्यंत काका नाही म्हणतात तोपर्यंत काहीतरी शिल्लक आहे, असं मला वाटत होतं. काय शिल्लक होतं ते आता सांगता येत नाही. तू माझी कधीच नव्हतीस, हे हॉस्टेलखाली सहाव्या दिवशीच कळलं होतं. उरलेले पाच दिवस मी नुसता हट्टाने उभा होतो.

आणि हे सगळं मी एका आजारी माणसाला रोज सूप भरवत केलं. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, अर्ध्या, पोरा, सुधारलास. मी मान डोलवायचो.

हे लिहिताना रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. शेजारी गीतपुस्तकांची चळत आहे, एकशे बारा झाली, ती मोजत बसलो.

तू लगेच ये, असं लिहिणार होतो. पण मी लिहिलेल्यावर तू विश्वास का ठेवावास? हे पाकीट आज टपालात टाकतो. मग काकांना सांगतो.


२६ एप्रिल

काकांना सांगितलं. त्याच दिवशी, बावीसला. खुर्चीसमोर स्टुलावर बसलो आणि तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, पाइपासकट.

ते ऐकत होते. झाल्यावर त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं, मारणार. मी तोंड पुढे नेलं, खोटं नाही सांगत. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातून घराची किल्ली काढून घेतली.

"जा," म्हणाले. एवढाच शब्द, पण अगदी स्वच्छ. झटक्यानंतर इतका स्वच्छ शब्द मी ऐकला नव्हता.

तेवीसला सकाळी गेलो. दार पाळकबाईंनी उघडलं. "तुझ्या हातचं पाणीही नको म्हणतात," त्या म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं. चिडल्या होत्या, पण ओरडल्या नाहीत. "दाढी मला जमत नाही. गालाला दोनदा कापलं. बाहेर बस तू."

पायरीवर बसलो. दुपारी घरी गेलो. चोवीसला परत बसलो. टपालवाल्याने विचारलं, किल्ली हरवली का? मी म्हटलं, हो. प्रार्थना करायची म्हणून पायरीवर बसून काकांचं नाव घेतलं. ह्या वेळी पुढे एक वाक्य आलं: त्यांना मुलगी भेटू दे. बस. त्यात मी कुठे नव्हतो हे मला नंतर, घरी हात धुताना लक्षात आलं.

पंचवीसला पाळकसाहेबही आले. आतलं बोलणं उघड्या खिडकीतून ऐकू येत होतं.

पाळकबाई म्हणाल्या, "मी लिहिते ना तुमचं पत्र. दोन मिनिटांचं काम."

काका काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही, ओठ दिसत नव्हते.

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, पण त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

मग काका मोठ्याने बोलले, मला ऐकू यावं म्हणूनच. "भरवसा नाहीच आहे! म्हणून तर तुम्ही दोघं बसा पहाऱ्याला. ज्याने फाडलं त्यानेच शिवायचं. माझ्या दुकानाचा नियम आहे."

आज सकाळी आत बोलावलं. पाळकबाई माझ्या डाव्या बाजूला बसल्यात, चष्मा लावून, प्रत्येक ओळ झाली की वाचतात. पाळकसाहेब दारात उभे आहेत, बहुतेक मी पळून जाईन म्हणून. काकांच्या गालावर दोन चिकटपट्ट्या आहेत. ते माझ्याकडे बघत नाहीत. खाली त्यांचं लिहितो. एक शब्द माझा नाही.

"पोरी, तुझ्या बाबाचा सलाम.

हे गाढव लिहितंय, पण ह्या वेळी मी सांगतो तेच लिहितंय. पाळकबाई साक्षीला आहेत. ह्याने काय केलं ते ह्याने तुला कळवलंय म्हणतो. दोन महिने मला वाटलं तू रुसलीस, आणि तुला वाटलं मी रुसलोय. मी ह्याला अजून माफ केलेलं नाही. करायचंय. रोज सकाळी प्रयत्न करतो, अजून बसत नाही. तू घाई करू नकोस, तुझ्या वेळेने कर. पण कर.

पण आधी मला सांगायचंय ते माझं. ह्याने पत्र फिरवलं, पण उंबरा बंद मी केला होता. ह्याच्याआधी दीड वर्ष. ती चूक ह्याच्या नावावर घालू नकोस. मी प्रभूला रोज म्हणायचो, मुलीला परत आण, आणि दार उघडायला उठायचो नाही. आता उठायला गेलो तर पाय नाही.

तुम्ही या. बारा तारखेच्या आधी या. लग्न रजिस्टरने करायचं असेल तर करा, मी खुर्चीतून येतो. मग पाळकसाहेब इथेच, ह्या खोलीत, तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करतील. तो देवळात येत नाही तर देऊळ त्याच्याकडे येईल, चार माणसं काय जड आहेत का? त्याला सांग, मला त्याच्याशी दोरांबद्दल बोलायचंय. लिफ्टचा दोर किती वर्षांनी बदलतात, कोण तपासतं, सगळं विचारणार आहे.

माझी दाढी ह्यालाच करायला सांगणार आहे उद्यापासून. पाळकबाई चांगल्या आहेत, पण माझा चेहरा संपवतील. (हे पाळकबाईंनी वाचलं. चष्मा पुसून परत लावला.)

कुठली गाडी ते कळव. ह्याला स्टेशनवर पाठवतो. तो लिफ्टवाल्याशी नीट बोलेल. नाही बोलला तर गप्प बसेल, तेही चालेल. सामान ह्याच्या हातात द्या. दोघांचं. दोघांचं."

वर ‘दोघांचं’ ते दोनदा म्हणाले. म्हणून दोनदा लिहिलं.